एकच आवाज दोनदा ऐकू आला तर काय तपासायचं?



पावसाळा तोंडावर आला की गटांच्या बैठकांमधून आमच्या केंद्राकडे रेडिओबद्दलचे प्रश्न वाढतात. त्यातले तीन प्रश्न दरवर्षी ठरलेले.

पहिला : "स्कॅनचं बटण दाबलं की आमचा रेडिओ तुमच्याच केंद्रावर तीन-तीनदा थांबतो. सेट बिघडला का?"

दुसरा : "एकच वाक्य पाठोपाठ दोनदा ऐकू येतं, विहिरीत आवाज घुमावा तसं. हे कशानं?"

तिसरा : "धरणातून पाणी सोडल्याची सूचना तीनदा ऐकली. म्हणजे पाणी तीनदा सोडलं का?"

तिन्ही प्रश्न एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येण्याचे आहेत, पण तिघांची कारणं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर माहीत नसेल तर चांगला सेट दुकानदाराकडे परत जातो किंवा दुरुस्तीवर पैसे जातात. तिसऱ्याचं उत्तर माहीत नसेल तर नदीकाठची घरं विनाकारण रात्र बाहेर काढतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे, "तेच तेच सांगतायत" म्हणून खरा नवा इशारा कानाआड होतो. म्हणून आज आपण हे नीट समजून घेऊ. यंत्राची पदवी लागत नाही. वही, पेन, एकाऐवजी दोन रेडिओ आणि थोडी वजाबाकी एवढं पुरे.

स्कॅन करताना रेडिओ काय करतो?

एफएमचा पट्टा साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढा आहे. स्कॅनचं बटण दाबलं की सेट एका टोकापासून निघतो आणि ०.१ किंवा ०.०५ च्या पावलानं पुढे सरकतो. प्रत्येक पावलावर तो एकच प्रश्न विचारतो : इथे पुरेशी ताकदवान लहर आहे का? असेल तर थांबतो, नसेल तर पुढे जातो. आवाज कुणाचा, कार्यक्रम कोणता, आत्ताच ऐकला होता का, यातलं त्याला काही कळत नाही. ताकद दिसली की तो थांबणार. म्हणून स्कॅन तीनदा थांबला याचा अर्थ तीन केंद्रं आहेत असा होत नाही.

एकाच केंद्राचे तीन आकडे : चार कारणं

पहिलं कारण सगळ्यात साधं आहे. एफएम केंद्राची लहर एका टोकदार आकड्यावर नसते, ती सुमारे ०.२ मेगाहर्ट्झ रुंद असते. आमचं केंद्र ९०.४ वर आहे. गावात लहर जोरात असेल तर सेट ९०.३ वर थांबेल, ९०.४ वर थांबेल आणि ९०.५ वरही थांबेल. नांगरलेल्या पट्ट्याच्या मध्यावर उभं राहा की कडेला, शेत तेच. अशा वेळी मधला आकडा खरा. तिथे आवाज स्वच्छ असतो. कडेच्या आकड्यांवर "स" आणि "श" फाटल्यासारखे ऐकू येतात.

दुसरं कारण रेडिओच्या पोटातलं आहे. बाहेरची लहर जशीच्या तशी हाताळणं अवघड असतं, म्हणून बहुतेक सेट आत स्वतःची एक लहर तयार करतात आणि बाहेरच्या लहरीशी तिची वजाबाकी करतात. फरक ठरलेला आकडा आला की आवाज निघतो. आता बघा, एसटी स्टँडपासून पाच किलोमीटरवर गाव आहे असं कुणी सांगितलं, तर पूर्वेलाही पाच किलोमीटरवर एक गाव असू शकतं आणि पश्चिमेलाही. फक्त अंतर सांगितलं तर दिशा कळत नाही. रेडिओचं नेमकं हेच होतं. दिशा ओळखायला त्याच्या तोंडाशी चाळणी बसवलेली असते. स्वस्त सेटची चाळणी सैल असते, मग दुसऱ्या बाजूचा आवाजही आत शिरतो. त्याला आपण सावली म्हणू. खऱ्या आकड्यापासून सावली ठरलेल्या फरकाच्या दुप्पट अंतरावर पडते.

जुन्या पद्धतीच्या एफएम सेटमध्ये हा फरक १०.७ मेगाहर्ट्झ असतो. दुप्पट केली की २१.४. एफएमचा पट्टा आहे २० मेगाहर्ट्झचा, त्यामुळे एका एफएम केंद्राची सावली त्याच पट्ट्यात पडूच शकत नाही. आकडा मुद्दाम तसा निवडलेला आहे. मात्र १०८ च्या वर विमानांच्या संदेशांचा पट्टा सुरू होतो. म्हणून विमानतळाजवळच्या गावात एखाद्या सेटवर मध्येच वैमानिकाचं बोलणं ऐकू येतं.

आजकालच्या छोट्या सेटमध्ये आणि काही मोबाइलमध्ये एकच चिप असते. त्यात हा फरक फार लहान ठेवलेला असतो. एका नेहमीच्या चिपमध्ये तो २२५ किलोहर्ट्झ आहे. दुप्पट ४५०, म्हणजे ०.४५ मेगाहर्ट्झ. अशा सेटवर ९०.४ ची सावली ८९.९५ किंवा ९०.८५ च्या आसपास सापडते. तुमच्या सेटवर दुसरा आकडा ८९.९, ९०.० किंवा ९०.८, ९०.९ असा असेल तर संशय इथेच घ्या.

मीडियम वेव्हवरही हाच हिशोब चालतो. तिथे फरक साधारण ४५५ किलोहर्ट्झ, दुप्पट ९१०. १५०० किलोहर्ट्झवरचं जोरकस केंद्र ५९० च्या आसपास पुन्हा लागलं तर ती त्याची सावली.

तिसरं कारण मनोऱ्याच्या अगदी जवळ राहणाऱ्यांचं. मोकळ्या जागेत अंतर दहापट कमी झालं की लहरीची ताकद शंभरपट होते. दहा किलोमीटरवरच्या वाडीला जे मिळतं, त्याच्या शंभरपट एक किलोमीटरवरच्या घराला. इतक्या ताकदीनं सेट गुदमरतो आणि नसलेल्या आकड्यांवरही तोच आवाज काढायला लागतो.

दोन ताकदवान केंद्रं जवळजवळ असतील तर गुदमरलेला सेट दोघांची भेसळ करतो. समजा एक ९०.४ वर आणि दुसरं ९१.२ वर आहे. ९०.४ ची दुप्पट १८०.८, त्यातून ९१.२ वजा केले की ८९.६. उलट केलं की ९२.०. या दोन आकड्यांवर दोन्ही केंद्रांची खिचडी ऐकू येते, भजन आणि शेतीसल्ला एकात एक. अशी भेसळ कधी सेटच्या बाहेरही होते. गंजलेले बोल्ट, सैल झालेले पत्रे, गंज धरलेलं तारेचं कुंपण यांच्या सांध्यांतही दोन जोरकस लहरी मिसळतात आणि तिसरीच लहर तयार होते.

चौथं कारण म्हणजे ते खरोखरच वेगळं प्रक्षेपण असतं. आकाशवाणीची विविध भारती देशात वेगवेगळ्या शहरांतून वेगवेगळ्या आकड्यांवर लागते. दोन शहरांच्या मधल्या गावात ती दोन ठिकाणी मिळाली तर त्यात बिघाड काही नाही. सामुदायिक केंद्रांचं याच्या उलट आहे. आमच्यासारख्या केंद्राला प्रक्षेपणाची ताकद सहसा १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंतच ठेवता येते. आवाज थोड्या किलोमीटरांपुरता जातो, म्हणून ९०.४ हाच आकडा देशात अनेक केंद्रांना दिलेला आहे. माहेरी गेल्यावर याच आकड्यावर वेगळाच आवाज लागला तर दचकू नका.

वाक्य दोनदा का घुमतं?

आता दुसरा प्रश्न. पुष्कळजणी म्हणतात, "समोर डोंगर आहे, लहर आपटून परत येते, म्हणून दोनदा ऐकू येतं." लहर आपटते हे खरं. पण रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. डोंगरावर आपटून ती पंधरा किलोमीटर जास्त फिरून आली तरी उशीर होतो सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाएवढा. कानाला तो कळणारच नाही. डोंगरामुळे आवाज फाटतो, खरखरतो, सेट दोन हात सरकवला की सुधारतो. पण वाक्य दोनदा ऐकू येत नाही.

वाक्य दोनदा येतं ते बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे लाउडस्पीकर. देवळावरच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावर आमचाच कार्यक्रम लावलेला असतो. हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. कर्णा अर्धा किलोमीटर लांब असेल तर त्याचा आवाज जवळजवळ दीड सेकंद उशिरा पोचतो. आधी हातातला रेडिओ बोलतो, मग कर्णा.

दुसरं कारण मोबाइल. मुलानं तोच कार्यक्रम इंटरनेटवरून लावलेला असतो. इंटरनेटवर आवाजाचे तुकडे साठवून मग वाजवले जातात, त्यामुळे तो काही सेकंद मागे असतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणून वाक्य घुमलं की आधी घरातले आणि शेजारचे बाकीचे स्पीकर बंद करून बघा. बहुतेक वेळा कोडं तिथेच सुटतं.

तपासणी कशी करायची?

आता कामाला लागू. या सहा पायऱ्या क्रमानं करा आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा.

१. तारीख, वेळ, जागा आणि आकडा लिहा. "बाजूला कुठेतरी लागतं" असं नको. "९०.९ वर, सकाळी सात वाजता, शाळेच्या ओट्यावर" असं हवं.

२. दोन रेडिओ शेजारी ठेवा. एक खऱ्या आकड्यावर, दुसरा संशयाच्या आकड्यावर. शब्दाला शब्द एकाच क्षणी जुळला तर ती सावली असण्याची शक्यता मोठी. मागेपुढे झाला तर तो आवाज दुसऱ्या वाटेनं येतोय.

३. दुसऱ्या रेडिओचा अँटेना पूर्ण खाली करा. ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे. सेट गुदमरून तयार झालेला आवाज अँटेना खाली केल्यावर झपाट्यानं नाहीसा होतो. खरं केंद्र थोडं हळू होतं, पण टिकून राहतं.

४. वेगळ्या कंपनीचा सेट आणा. त्यावर तो आकडा लागलाच नाही तर दोष पहिल्या सेटचा.

५. जागा बदला. मनोऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर लांब जाऊन ऐका. लांब गेल्यावर जास्तीचे आकडे गेले तर जवळपणाचा परिणाम. एकाच वस्तीत सगळ्या सेटवर ऐकू येतं, बाहेर येत नाही, तर त्या वस्तीतले गंजके सांधे बघा.

६. वजाबाकी करा. खरा आकडा आणि संशयाचा आकडा यांतला फरक काढा. ०.१ आला तर कडेचा आवाज. ०.४५ च्या आसपास आला तर चिपची सावली.

एक लक्षात ठेवा. मोबाइलचे चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवे यांनी रेडिओत खरखर येते, पण कुणाचं बोलणं दुसऱ्या आकड्यावर जात नाही. खरखर असेल तर आधी तेच बंद करून बघा.

आता निकाल. अँटेना खाली केल्यावर गेलं, किंवा एकाच प्रकारच्या सेटवर आलं, तर दोष सेटचा. सेट फेकायची गरज नाही, खरा आकडा पक्का करून त्याच्या मेमरीत ठेवा. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेटवर, लांबच्या गावातही, अँटेना खाली करूनही तोच जास्तीचा आकडा लागत असेल, तर दोष आमच्या प्रक्षेपण यंत्रात असू शकतो. ते आम्हाला त्याच दिवशी कळवा.

यात संकोच करू नका. केंद्राला केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाकडून एकच आकडा मिळतो. त्याबाहेर आमची लहर सांडायला लागली तर दुसऱ्याच्या कामात अडथळा येतो, आणि आमच्या पट्ट्याच्या लगेच वर विमानांचा पट्टा आहे हे तुम्ही आत्ताच वाचलंत. लहर बाहेर सांडू नये म्हणून यंत्राच्या पुढे चाळणी बसवलेली असते. ती किंवा मनोऱ्यावरची केबल, तिचे जोड, पावसाचं पाणी शिरून खराब होतात. स्टुडिओत बसून आम्हाला ते ऐकू येत नाही. ते ऐकू येतं तुम्हाला, बांधावर आणि ओट्यावर.

हातातल्या स्कॅनरबद्दल

काही मुलं शहरातून वॉकीटॉकीसारखा स्कॅनर आणतात आणि विचारतात, एकच बोलणं दोन आकड्यांवर का येतं? हौशी रेडिओवाले म्हणजे हॅम मंडळी लांब बोलण्यासाठी उंचावर रिपीटर बसवतात. तो एका आकड्यावर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्यावर बोलतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या त्यांच्या पट्ट्यात दोन आकड्यांत साधारण ०.६ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवतात. बोलणारा जवळ असेल तर स्कॅनरला दोन्ही ऐकू येतं. ही पुनरावृत्ती मुद्दाम केलेली असते आणि पुराच्या वेळी मोबाइल बंद पडले तर हीच सोय कामाला येते.

पण सावध राहा. घरचा रेडिओ ऐकायला आता परवाना लागत नाही. पूर्वी लागायचा, पोस्टात फी भरावी लागे, हे आजींना आठवत असेल. स्कॅनरचं तसं नाही. असं उपकरण परवान्याशिवाय बाळगणं आणि पोलिसांचं किंवा इतरांचं बोलणं चोरून ऐकणं कायद्यात बसत नाही. गटाच्या पैशातून ते घेऊ नका. आपल्या कामाला साधा रेडिओ पुरतो.

इशारा पुन्हा ऐकला : उजळणी की नवा?

आता तिसरा प्रश्न, जो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पूर, वीज, वादळ यांबद्दल स्थानिक प्रशासन जे कळवतं ते सामुदायिक केंद्राला सांगता येतं. अशी सूचना आम्ही मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगतो. कारण पहिल्या वेळी तुम्ही शेतात असता, दुसऱ्या वेळी पाण्यावर, तिसऱ्या वेळी चुलीपुढे. वर आत्ता पाहिलेल्या कारणांनी तीच सूचना कर्ण्यावरून येते, मोबाइलवरून येते, शेजारणीच्या तोंडून येते. ऐकणारीला वाटतं, एकामागून एक इशारे सुटले.

मग ओळखायचं कसं? प्रत्येक इशाऱ्यात तीन गोष्टी धरून ठेवा : सूचना कुणी दिली, किती वाजता दिली आणि आकडा काय. समजा, अकरा वाजताची सूचना आहे, विसर्ग दहा हजार क्युसेक. साडेअकराला पुन्हा ऐकलं, पण त्यातही "अकरा वाजताची सूचना, दहा हजार" असंच आहे, तर ती उजळणी. दोन वाजता "दोन वाजताची सूचना, पंधरा हजार" आली तर ती नवी, आणि पाणी वाढतंय. शब्द सारखे वाटले तरी वेळ आणि आकडा बदलला की इशारा नवा. हवामान खात्याच्या इशाऱ्यात रंगही बघा. पिवळ्याचा नारिंगी किंवा नारिंगीचा लाल झाला तर ती उजळणी नाही.

वेळ ऐकू आली नाही तर? अंदाज करू नका. खऱ्या आकड्यावर रेडिओ लावून पुढच्या उजळणीची वाट बघा आणि दरम्यान तलाठी, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीला विचारा. पण तुमचं घर नदीच्या काठाला असेल आणि पाणी चढताना दिसत असेल तर कुणालाही विचारायला थांबू नका, आधी वर निघा.

मोबाइलवर फिरणारे आवाजी संदेश मात्र या हिशोबात धरू नका. गेल्या वर्षीची सूचना यंदा पुन्हा फिरते आणि तिच्यात तारीख नसते. तारीख आणि वेळ नसलेला इशारा पुढे पाठवायचा नाही, हा नियम गटानं ठरावात लिहून ठेवावा.

या महिन्याच्या बैठकीत

हप्ते गोळा झाल्यावर वीस मिनिटं काढा. घराघरातले रेडिओ आणि एफएम असलेले मोबाइल एकत्र आणा. प्रत्येक सेटवर केंद्राचा खरा आकडा शोधा आणि खडूनं किंवा चिकटपट्टीवर लिहून सेटच्या पाठीवर लावा. जास्तीचे आकडे सापडले तर सहा पायऱ्या करून वहीत नोंदवा. सेल तपासा, एक जोडी जास्तीची कोरड्या डब्यात ठेवा. नदीकाठच्या, वस्तीवरच्या आणि एकट्या राहणाऱ्या बायकांपर्यंत इशारा कोण पोचवणार, तिचं नाव वहीत लिहा. आणि तिला सांगून ठेवा, निरोप देताना "पाणी सोडलंय" एवढंच म्हणायचं नाही, वेळ आणि आकडाही सांगायचा.

वहीतलं ते पान पाऊस सुरू होण्याआधी आमच्या केंद्रावर पाठवून द्या. कुठल्या गावात आवाज कसा पोचतो याचा नकाशा आम्ही त्यावरूनच तयार करणार आहोत.